घरच्या अंगणासाठी इलेक्ट्रिक चेनसॉ: कोणती घ्यावी, कशी चालवावी



16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गजा चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या मधे किनाऱ्यावर आलं. आमच्या तंजावर जिल्ह्यात पट्टुकोट्टै, पेरावूरणी या भागांत नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. तिकडे एका नातेवाइकांच्या परसात तीन माड पडले होते. मी माझी इलेक्ट्रिक चेनसॉ गाडीत टाकून मोठ्या ऐटीत निघालो. पोचल्यावर कळलं की विजेचे खांबच पडलेत, आणि माझी मशीन वायरची!

मग शेजारून पेट्रोलची मशीन मागून आणली. मुळासकट उपटलेला एक माड बुंध्याजवळ कापायला घेतला. माझा भाचा मुळांच्या खड्ड्यात उतरून बघत होता. तेवढ्यात एक म्हातारे मजूर ओरडले, "इरुंगो!" म्हणजे थांबा. पोराला बाहेर काढलं, मग खोड कापलं. खोडाचं वजन सुटताच मातीसकट मुळांचा गड्डा उलटून धाडकन त्याच खड्ड्यात बसला. कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकलो: मशीन घेताना वीज कुठून येणार ते बघा, आणि चालवताना लाकूड कुठे जाणार ते बघा.

आधी खरेदी. वायरची मशीन स्वस्त असते आणि चार्जिंगसाठी थांबावं लागत नाही. पण 2000 वॅटची मशीन 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर खेचते. तिला 6 अँपिअरचा छोटा सॉकेट चालत नाही, 16 चा हवा. एक्स्टेन्शनची वायर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. बारीक वायर तापते, दाब उतरतो आणि मोटरवर ताण येतो. सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असू द्या. ओल्या गवतावर वायरची मशीन नकोच.

बॅटरीची मशीन वीज गेल्यावरही चालते. पण हिशेब करा. 36 व्होल्ट, 4 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 144 वॅट-तास. 1000 वॅटचा भार सलग पडला तर नऊ मिनिटंसुद्धा नाही. फांद्या कापताना आपण मधे थांबतो, म्हणून काम जास्त होतं. तरी दोन बॅटऱ्या ठेवा, आणि वादळाचा इशारा आला की दोन्ही भरून ठेवा.

बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, घरासाठी 12 ते 14 इंची पुरे. शेवगा, पेरू, आंब्याची फांदी, सगळं त्यात होतं. लांब बार घेतला तर वजन वाढतं आणि टोक नजरेआड जातं. "कोणती कंपनी?" असं बरेच जण विचारतात. ज्या कंपनीची चेन आणि दुरुस्ती तुमच्या गावात मिळते, ती.

आता वापर. इलेक्ट्रिक म्हणजे तेल नको, हा मोठा गैरसमज आहे. चेनला तेल लागतंच. मशीन चालू करून टोक पुठ्ठ्यासमोर धरा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. गार चेन बोटांनी थोडी उचलली जावी, पण खोबणीतून सुटू नये. कापताना चिप्सऐवजी भुसा पडू लागला की धार गेली. माडाचं लाकूड बाहेरून कडक आणि तंतूंचं, त्यात धार लवकर जाते.

सगळ्यात मोठा धोका बारच्या टोकाचा वरचा भाग. तो लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडे येते. म्हणून दोन्ही हात, डाव्या हाताचा अंगठा मुठीला वेढलेला, आणि मशीन खांद्याच्या वर कधीच नाही. शिडीवर तर नाहीच. रोज सुरुवातीला चेनचा ब्रेक तपासा. फौजेत हत्यार हाती घेतलं की आधी तपासतात, तशीच ही सवय.

पेट्रोलची मशीन गुरगुरत असते, ती जागी आहे हे कळतं. इलेक्ट्रिक मशीन गप्प असते, पण बोट पडलं की धावते. म्हणून चेनला हात लावण्याआधी, किंवा मशीन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी, बॅटरी काढा किंवा प्लग ओढा. चष्मा, बूट आणि जाड पँट हवीच.

जड फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव भाग, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेला खुंट. असं केलं तर फांदी तुटताना खोडाची साल सोलली जात नाही. वाकून ताणलेली फांदी असेल तर आधी दबलेल्या बाजूने थोडा काप घ्या, मग ताणलेल्या बाजूने. आणि ती उसळेल त्या दिशेला कुणी उभं नको.

उभा माड, विजेच्या तारेजवळची फांदी, मुळासकट उपटलेलं झाड, ही कामं माहितगार माणसांची. त्यांना बोलवा, पैसे द्या. महाराष्ट्रातल्या शहरांत तर 1975 च्या कायद्याप्रमाणे आपल्या आवारातलं झाड पाडायलाही परवानगी लागते.

मी आता बॅटरीची मशीन वापरतो. पण बटण दाबण्याआधी एकदा मागे वळून बघतो, खड्ड्यात कुणी नाही ना! तुम्हीही बघा. भेटू पुढच्या भागात.