चालकाविना मोटार आणि चालकाचे पोट

मोबाईलवरील मागणीप्रमाणे भाडी मारणारा चालक स्वयंचलित मोटारीला भितो, ते अज्ञानामुळे, असे म्हटले जाते. आम्हांस तसे वाटत नाही. १० ऑगस्ट २०२३ रोजी कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने सॅन फ्रान्सिस्को शहरी वेमो व क्रूझ या कंपन्यांच्या चालकरहित मोटारींस चोवीस तास भाडे घेण्याची मुभा दिली; तेथील टॅक्सीचालकांचा तिला विरोध होता. २०२४ साली चीनमधील वूहान येथेही टॅक्सीवाल्यांनी हीच तक्रार केली.

याचे मर्म हिशेबात आहे. आज मोटारीचा हप्ता, इंधन व दुरुस्ती चालक सोसतो. कंपनी आपली दलाली घेते. स्वयंचलित मोटारीचा सारा खर्च कंपनीवर पडेल, म्हणून हा बदल एका रात्रीत होणार नाही. परंतु भाडी घटत जातील आणि हप्ता मात्र घटणार नाही. खरी चिंता हीच होय.

आपल्याकडे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली रोजगाराचे कारण देऊन अशा मोटारींस नकार दिला. तथापि नुसत्या नकारावर विसंबून चालणार नाही. टांगा गेला तेव्हा टांगेवाल्याला कोणी विचारले नाही. आजच्या चालकाच्या मुलांना तरी वेळीच नवी विद्या मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.