मे महिन्यातली अर्थिंग

अमरावती ते अकोला जाऊन-येऊन साधारण दोनशे किलोमीटर. चाळीस युनिटची बॅटरी असलेली कार एसी लावून युनिटला सहा किलोमीटर चालली, तरी ही फेरी करून घरी परत येते. त्यामुळे ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ या शोरूममधल्या ठरलेल्या प्रश्नाला वऱ्हाडात फारसा अर्थ उरत नाही. गाडी दिवसातून दोन-तीन तास धावते, बाकी वेळ उभी असते. आणि इथला उन्हाळा तिला उभी असतानाच गाठतो. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे गेला, तेव्हा उष्णतेपायी जिल्ह्यात चक्क कलम 144 लावावे लागले होते. अशा उन्हात लिथियम बॅटरीची आतली झीज वाढते, आणि ती काठोकाठ भरलेली असली तर जास्तच. रात्री शंभर टक्के चार्ज करून दिवसभर उन्हात सोडलेली गाडी म्हणजे बॅटरीचे सर्वांत वाईट हाल. रोजच्या वापराला ऐंशी टक्के पुरे. काही बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. चार्जिंग पहाटेकडे, आणि गाडीवर पत्र्याचे किंवा निंबाच्या झाडाचे छत हवेच.

मग असल्या तापत्या मुलखात ही गाडी घ्यावीच कशाला? शंका रास्त आहे. पण आजच्या बहुतेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला कूलंट खेळवलेले असते, आणि बॅटरीवर आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी सर्रास मिळते. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही; टायर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि आपल्या धुळीने लवकर चोंदणारा एसीचा फिल्टर एवढेच पाहायचे. भर दुपारी फास्ट चार्जर मंदावला, तर तो बिघाड समजू नये. तापलेली बॅटरी स्वतःला जपत असते.

घोडे अडते ते घराच्या अर्थिंगपाशी. सोळा अँपियरच्या सॉकेटवर चार्जर तासन्‌तास तीनेक किलोवॅट ओढतो, आणि अर्थिंग कच्ची असेल तर लाल दिवा दाखवून थांबतो. आपली काळी जमीन ओली असताना वीज छान मुरवते. उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग ऐन मे महिन्यात दगा देते. त्यावर उपाय जुनाच आहे: मीठ-कोळसा भरलेला खड्डा आणि त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. कूलर आणि कार एकाच वेळी चालणार असतील, तर महावितरणकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा. ज्यांना स्वतःची पार्किंगच नाही, रस्त्यावर गाडी लावून वरच्या मजल्यावरून वायर सोडावी लागणार आहे, त्यांनी तूर्त ही गाडी घेऊ नये. बाकीच्यांनी बुकिंगच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावी, आणि तीही पाऊस पडायच्या आत.