रत्नाकराच्या पाठीवरील नवे बिऱ्हाड

आज नारळी पौर्णिमा. सागरपूजनाच्या कीर्तनांत आम्ही आजवर सांगत आलो की, सागर काहीच ठेवून घेत नाही, दिलेले सारे तीरावर आणून टाकतो. हे विधान आता आम्हांस मागे घ्यावे लागत आहे.

१९७२ साली अटलांटिकमधील सारगासो समुद्रात प्लॅस्टिकचे बारीक कण तरंगताना आढळले, त्यांवर सूक्ष्म शैवाले व हायड्रॉइड नामक इवले जीव चिकटलेले होते. प्रशांत महासागरात हॅलोबेटिस नावाचा, पाण्यावर चालणारा कीटक आहे. पूर्वी तो पिसावर, शिंपल्यावर, जे काही तरंगते मिळेल त्यावर अंडी घाली. आधारच दुर्मिळ! आता प्लॅस्टिकच्या कपच्या मुबलक, आणि अंडीही वाढली, असे २०१२ च्या अभ्यासात दिसले.

श्रोते म्हणतील, “बुवा, जिवांना आसरा मिळाला, हे पुण्यच की!” आम्हांसही क्षणभर तसेच वाटले. परंतु लाकडाचा ओंडका कुजून बुडतो. हा तराफा वर्षानुवर्षे तरंगतो. जपानमधील २०११ च्या त्सुनामीनंतर बहुतांशी अशाच न कुजणाऱ्या अवशेषांवरून २८९ जातींचे जीव महासागर ओलांडून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यास व हवाई बेटांस लागले. तेथील मूळच्या जिवांचे काय व्हायचे?

निर्माल्य पिशवीसकट पाण्यात सोडण्याची घाई आमच्याही घरी होत असे. यंदा ते तुळशीच्या आळ्यात गेले.