गाडीचा मागचा कॅमेरा : बिघाड तारेत, खर्च कॅमेऱ्यावर

कापडाच्या धंद्यात आमच्या नांदेड-लातूर फेऱ्या चुकत नाहीत. लोहा, अहमदपूर, चाकूर हा रस्ता सोपा. खरी परीक्षा गंजगोलाईत. तेथे सोळा रस्ते मिळतात, हातगाड्या आणि हमालांची गर्दी असते. मागची सीट पाडून गाठी भरल्या की आतल्या आरशात गाठींखेरीज काही दिसत नाही. म्हणून आम्ही मागचा कॅमेरा बसवून घेतला. नव्या मोटारींना 1 जुलै 2019 पासून मागचे सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा मात्र त्या सक्तीत नाही. त्यामुळे पुष्कळजण तो बाजारातून बसवतात.

दोन पावसाळ्यांनंतर आमचा पडदा कधी निळा, कधी काळा होऊ लागला. एका दुकानदाराने काहीही न तपासता नवा कॅमेरा बसवला. आठ दिवसांत पुन्हा तेच! शेवटी एका जुन्या वायरमनने डिक्कीच्या बिजागरीजवळची रबरी नळी सरकवून दाखवली. आतली तार डिक्की उघडझाप करून तुटली होती. कॅमेऱ्याचे पैसे फुकट गेले.

हा तजुर्बा व्यापारी बांधवांच्या कामी यावा. इंजिन बंद, चावी चालू, हँडब्रेक ओढलेला. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाका. प्रथम मागचा पांढरा दिवा लागतो का पाहा. बाजारी कॅमेऱ्याला बहुधा त्याच दिव्याच्या तारेतून वीज मिळते. दिवा लागत नसेल तर आधी फ्यूज, बल्ब आणि गिअरचा स्विच तपासावा. दिवा लागतो पण चित्र नाही, तर दुसऱ्याला डिक्की हळूहळू उघडझाप करायला सांगा. चित्र येते-जाते? मग तारच तुटलेली. जोड डाख देऊन पक्का करावा. नुसती काळी टेप मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सुटते. कॅमेरा कंपनीचा आणि वॉरंटीत असेल तर तारेला हात लावू नये.

चित्र धूसर असेल तर काच पुसावी. येथे आमचा धंदा उपयोगी पडतो : नव्या कापडाला खळ असते, ओरखडे पडतात. जुनी, धुऊन मऊ झालेली मलमल ओली करून वापरावी. थिनर, पेट्रोल नको. धुलाईच्या जोरदार पाण्याचा फवारा जवळून मारू देऊ नये. काचेच्या आत वाफ धरली असेल तर मात्र कॅमेरा बदलावाच लागतो.

खरी गफलत वेगळीच होती. नव्या कॅमेऱ्याचे चित्र आरशासारखे उलटवलेले नव्हते. गंजगोलाईत डावीकडचा हमाल आम्हाला पडद्यावर उजवीकडे दिसला. त्याला टाळायला म्हणून स्टिअरिंग फिरवले ते नेमके त्याच्याच अंगावर. त्याने डिक्कीवर थाप मारली म्हणून पाय वाचला. काळा पडदा परवडला, निदान माणूस मान वळवून पाहतो! नवा कॅमेरा बसवला की एकाला गाडीमागे डाव्या बाजूला, चार पावलांवर उभे करून हात हलवायला सांगा. तो पडद्यावरही डावीकडेच दिसला पाहिजे. पुष्कळ कॅमेऱ्यांत ही सोय एका छोट्या तारेने किंवा सेटिंगमध्ये बदलता येते. शिवाय ही काच रुंद दाखवणारी असल्याने माणूस असतो त्याहून लांब वाटतो.

आमच्या कॅमेऱ्याचे चित्र आता सरळ झाले आहे. तरी लातूरला गाडी मागे घेताना काचा खाली असतात, रेडिओ बंद असतो आणि आमचा मुलगा खाली उतरून मागे उभा राहतो.