अंगठा जुळला नाही, तरी धान्याचा हक्क कायम राहतो

रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्रावर बोट ठेवले आणि यंत्राने ‘पडताळणी अयशस्वी’ दाखवले, तर अनेक लाभार्थी रिकामी पिशवी घेऊन घरी परततात. असे परतू नका. यंत्राने बोट ओळखले नाही म्हणून आपण अपात्र ठरत नाही.

बोट का जुळत नाही?

शेतीकाम, बांधकाम, धुणीभांडी यांमुळे बोटांवरच्या रेषा झिजतात. वय वाढते तशी त्वचा कोरडी पडते. कधी बोट ठीक असते, पण नेटवर्क नसते. दुकानात जाताना हात स्वच्छ धुऊन पुसावेत. एक बोट चालले नाही, तर दुसरी बोटे लावून पाहावीत.

पडताळणीचे इतर मार्ग

• शिधापत्रिकेवर नाव असलेल्या कुटुंबातील दुसऱ्या सदस्याचे बोट.
• सोय असेल तेथे डोळ्याच्या बुबुळाची पडताळणी.
• आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी. तो दुकानाबाहेरील कोणालाही फोनवर सांगू नये.

हे सर्व अयशस्वी झाले तर?

आधार नसल्यामुळे किंवा बोट न जुळल्यामुळे पात्र कुटुंबाचे धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या आहेत. अशा वेळी शिधापत्रिका व ओळखपत्र पाहून धान्य द्यायचे असते आणि त्याची नोंद वेगळ्या नोंदवहीत करायची असते. पडताळणी अयशस्वी झाली म्हणून कोणी लाभापासून वंचित राहू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही आहे. दुकानात शांतपणे सांगा: “अपवाद नोंदवहीत नोंद करून धान्य द्या.”

आपला हक्क किती?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला प्रतिव्यक्ती दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

यंत्रावरचे बोट म्हणजे सही

आपली पडताळणी झाली की त्या महिन्याचे धान्य आपल्याला मिळाले, अशी नोंद होते. म्हणून “आज बोट लावून जा, धान्य नंतर न्या” असे कोणी म्हटले, तर मान्य करू नका. धान्य समोर मोजून घ्या, पावती मागा आणि पावतीवरील किलो तपासा. वाचता येत नसेल, तर घरी कोणाकडून वाचून घ्या.

कामासाठी परराज्यात असाल तर

‘एक देश, एक रेशन कार्ड’ ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र व गुजरातही होते. आता ती देशभर लागू आहे. समजा, ऊसतोडीसाठी बीडहून कर्नाटकात गेलेल्या कुटुंबातील आजी-आजोबा गावीच आहेत. अशा वेळी तिकडे गेलेल्यांनी आपल्या वाट्याचे धान्य तेथील दुकानातून घ्यावे. उरलेले धान्य आजी-आजोबांना गावात मिळते. त्यासाठी नवीन कार्ड काढावे लागत नाही. शिधापत्रिका क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगावा. मात्र एकाच ठिकाणी सगळे धान्य उचलले, तर त्या महिन्यात दुसरीकडे काही उरत नाही.

तक्रार कोठे करावी?

१. राज्याच्या शिधावाटप हेल्पलाइनवर: १९६७.
२. परराज्यातील धान्यासाठी: १४४४५.
३. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. तेथे न्याय न मिळाल्यास राज्य अन्न आयोगाकडे.

अर्जात तारीख, दुकान क्रमांक, शिधापत्रिका क्रमांक आणि दुकानदाराने दिलेले कारण लिहावे. अर्जाची पोच जपून ठेवावी. हक्काचे धान्य मिळालेच नाही, तर राज्य सरकारकडून अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

पुढच्या महिन्यात हीच अडचण येऊ नये, म्हणून आधार केंद्रात बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्यावेत. ते होईपर्यंत धान्य थांबवता येत नाही, हे लक्षात ठेवा.