पुलाला छप्पर कशासाठी?

कोकण, गोवा, खानापूरच्या जंगलपट्ट्यात ओढ्यावरचा लाकडी साकव कुणाला नवा नाही. काही पावसाळे झाले की लाकूड कुजतं आणि साकव पुन्हा घालावा लागतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मात्र शंभर-दीडशे वर्षांचे लाकडी पूल आजही वापरात आहेत. कारण साधं आहे. त्यांना बाजूला भिंती आहेत आणि वर छप्पर.

हे छप्पर वाटसरूंसाठी नाही, पुलासाठी आहे. भार पेलतात त्या दोन्ही बाजूंच्या लाकडी चौकटी. त्यांच्या सांध्यांत पाणी मुरलं की पूल संपला. छपराच्या फळ्या बदलणं सोपं, चौकट बदलणं म्हणजे जवळजवळ नवा पूलच.

बार्टन्सव्हिल गावात विल्यम्स नदीवरचा असा पूल १८७० चा. तिरप्या फळ्यांची जाळी, लाकडी खुंट्यांनी जोडलेली. ही रचना इथिएल टाउन यांनी १८२० मध्ये पेटंट केली होती. २८ ऑगस्ट २०११ रोजी 'आयरीन' वादळाच्या पुरात हा पूल कोसळून वाहून गेला. लाकूड कुजून नव्हे, तर पाण्यानं काठाकडचा आधार पोखरल्यामुळे. गावानं तसाच जाळीचा, छपराचा पूल पुन्हा उभारला. २०१३ मध्ये तो खुला झाला.

आपल्यासाठी मुद्दा हाच: छप्पर पावसापासून वाचवतं, पुरापासून नाही. साकव असो की सिमेंटचा पूल, मिरगाआधी काठाचा पाया बघायलाच हवा.