मणक्याला मार बसला, तर उचलण्याची घाई नको

आग्रा-मुंबई रस्त्यावरचं ग्वाल्हेर हे वर्दळीचं शहर. अशा रस्त्यावर उलट्या दिशेने दामटलेली एक गाडी दुचाकीस्वाराचं उरलेलं आयुष्य बदलून टाकू शकते.

मणक्यातून जाणारा आपला मज्जारज्जू सुमारे 45 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. त्यातून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात. मानेत वरच्या बाजूला इजा झाली तर श्वासपटलच थांबू शकतं. पाठीत झाली तर पायांची ताकद जाते, शिवाय लघवी-शौचावरचा ताबाही.

ही इजा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा आघाताचा. दुसऱ्यात, पुढच्या काही तासांत, सूज वाढते, रक्तपुरवठा घटतो आणि वाचलेल्या पेशीही मरू लागतात. म्हणून जखमीला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, रिक्षात कोंबू नका. आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर आहे तसंच झोपू द्या, डोकं-मान स्थिर धरा आणि 108 ला फोन करा.

मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण दिलं आहे. 2025 च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. भरपाईचा दावा मात्र सहा महिन्यांच्या आत दाखल करायला हवा. दुसऱ्याच्या बेपर्वाईची किंमत जखमीच्या घराने एकट्याने का मोजावी? हा हक्क आहे, तो मागा.